झालं की नाही, कसं कळायचं?

काम नीट झालं की गप्प बसायचं, हा लिनक्सचा, म्हणजे विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणाऱ्या मोफत प्रणालीचा, जुना शिरस्ता. टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, फाइल हलवायचा हुकूम टाइप करून एंटर दाबलं आणि सगळं सुरळीत पार पडलं, तर पडद्यावर एक अक्षर उमटत नाही. चुकलं तरच तो बोलतो. जाणत्यांना हा सुटसुटीतपणा वाटतो. बेळगावच्या शहापुरातली माझी मावशी म्हणाली, "काय रे, रुसलं की काय हे?"

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची सद्दी संपली, म्हणजे मायक्रोसॉफ्टनं त्याची नेहमीची देखभाल थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, ती मावशीच्या जुन्या कॉम्प्युटरात नाही. चालता कॉम्प्युटर भंगारात घालायचा म्हणजे जिवावर येतं, म्हणून त्यावर उबंटू २४.०४ ही लिनक्सची आवृत्ती बसवून दिली आणि सोबत ठेवायला थोडी पानं लिहायला घेतली.

अशा लिखाणाची सुरुवात ठरलेली असते. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं वगैरे. इतिहास खरा आहे, पण त्यानं पेनड्राइव्ह उघडत नाही. मावशीचा प्रश्न असा की सी आणि डी ड्राइव्ह गेले कुठं? इथं सगळं एका तिरप्या रेघेपासून सुरू होतं, हे समजावण्याच्या मोहात मी पडलो नाही. फाइल्सच्या खिडकीत डावीकडं पेनड्राइव्हचं नाव दिसेल, त्यावर टिचकी मार, एवढं पुरतं. नावातलं कॅपिटल आणि छोटं अक्षर लिनक्स वेगळं मानतो, त्यावरही इंग्रजी पुस्तिकांत परिच्छेदच्या परिच्छेद असतात. मावशी फाइलींना देवनागरीत नावं देते. तिथं कॅपिटलच नाही!

खरी मेहनत पडली ती प्रत्येक पायरीनंतर काय दिसेल, हे लिहिताना. आणि काय दिसणार नाही, हे लिहिताना त्याहून जास्त. सॉफ्टवेअर बसवताना टर्मिनल पासवर्ड मागतो, पण टाइप करताना ठिपकासुद्धा उमटत नाही. कीबोर्ड बिघडला असं वाटून माणूस तिथंच उठतो. म्हणून ठळक लिहिलं: काही दिसणार नाही, तरी टाइप करत राहा, मग एंटर. जुन्या फॉण्टात टाइप केलेली आमंत्रणं उघडली की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, तोही आधीच सांगून ठेवला. फाइल शाबूत आहे, तो फॉण्ट तेवढा इथं नाही.

लिनक्स ज्याच्या धर्तीवर बेतला, त्या युनिक्सची पहिली पुस्तिका १९७१ ची. तिच्या वळणाची मदतपानं आजही लिनक्समध्ये असतात आणि ती फार नेमकी आहेत. फक्त कुठलं पान उघडायचं, हे आधी ठाऊक असावं लागतं.

महिला मंडळाचं हळदीकुंकवाचं आमंत्रण मराठी आणि कन्नड अशा दोन्हीत निघतं, त्यामुळं कळफलकाचं पान सगळ्यांत मोठं झालं. इनस्क्रिप्ट म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली कळांची मांडणी, आणि तिची ही गंमत आमच्या भागात फारच कामाची. इंग्रजी 'के'च्या कळीवर मराठी क, तिथंच कन्नड क. शिफ्ट धरून 'एन' दाबलं की दोन्हीकडं ळ. एकदा बोटांना सवय झाली की लिपी बदलायची, बोटं नाहीत. सुपर आणि स्पेस एकदम दाबलं की वरच्या उजव्या कोपऱ्यातली खूण बदलते. इथं तरी तो गप्प बसत नाही. (सुपर म्हणजे विंडोजचं चित्र असलेली कळ. लिनक्स वापरायला तीच दाबायची, याचं मावशीला फार हसू आलं.) बेळगाव कन्नडमध्ये लिहिताना मात्र ऱ्हस्व ए 'झेड'वर शोधावा लागतो, मराठीतला ए 'एस'वर आहे. ही ओळ मावशीनं स्वतः घातली.

पानं तिनं पेन्सिल घेऊन तपासली. जिथं मी "आता बदल लागू होईल" असं लिहिलं होतं, तिथं तिथं समासात तिचा एकच शेरा: "झालं की नाही, कसं कळायचं?" यापेक्षा चांगली संपादक मला मिळाली नसती.

आता शेजारच्या अक्कांनाही तीच पानं हवी आहेत, कन्नडमध्ये. ते काम मावशीनंच अंगावर घेतलंय. मी हौसेखातर टॉरवाल्ड्सची एक ओळ तळाशी ठेवली होती, ती तिनं काटली.