झाकणाच्या आतले आकडे

साताऱ्याहून पहाटेची एसटी पकडली की साडेआठच्या आत स्वारगेट. रविवार असला तर तिथून रिक्षाने थेट जुना बाजार. तो बुधवारी आणि रविवारीच भरतो, आणि ऊन चढायच्या आत पोचलं नाही तर चांगली वस्तू कोणाच्या तरी पिशवीत गेलेली असते.

ताडपत्र्यांवर पाने-पक्कड, कुलपं, तांब्याचे बंब, नाणी आणि मधूनच चमचमणारी पितळी खिशातली घड्याळं. चमकणारं मी आता हातातच घेत नाही. दोन वर्षांपूर्वी 'रेल्वेचं, शंभर वर्षांचं' म्हणून एक घेतलं होतं. घरी झाकण उघडलं तर आत नवंकोरं मशीन, आणि डायलवरची अक्षरं नखाने निघाली. त्या रात्री जेवण गेलं नाही.

या खेपेचं घड्याळ साखळ्यांच्या ढिगात होतं, पार काळवंडलेलं. मिन्याची पांढरी डायल, सहाच्या आकड्याजवळ केसाएवढी चीर. बंद. आठ हजार सांगितले, साडेसहाला दिलं.

तिथून कसब्यातून चालत रविवार पेठ. तिथल्या जिन्याखालच्या दुकानात एक काका चाळीसहून अधिक वर्षं घड्याळं दुरुस्त करतात. "बसा आधी," म्हणाले, डोळ्याला आयग्लास लावला आणि बोथट सुरीने झाकण अलगद उचकटलं.

झाकणाच्या आत छाप होते. पाऊल उचललेला सिंह, म्हणजे ९२.५ टक्के चांदी. जहाजाचा नांगर, म्हणजे इंग्लंडातल्या बर्मिंगहॅममध्ये पारखलेली. शेजारी वर्षाचं अक्षर. तेच अक्षर काही वर्षांनी पुन्हा येतं, म्हणून अक्षराचं वळण आणि भोवतालच्या ढालीचा आकारही पाहावा लागतो. हे १९०८चं निघालं. खाली 'ए. एल. डी.' ही आद्याक्षरं: एरन डेनिसन. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम घड्याळ कारखान्याचा पाया घालणाऱ्यांतला हा माणूस पुढे इंग्लंडात जाऊन घड्याळाची केस, म्हणजे बाहेरची डबी, बनवू लागला. आणि मशीन वॉल्थमचंच! त्यावरचा नंबर १ कोटी ६० लाखांच्या पुढचा, म्हणजे १९०७-०८च्या सुमाराचा. केस आणि मशीन एकमेकांची, मागाहून जुळवलेली नव्हेत. मला इतका आनंद झाला की काकांनी पुढे केलेला चहा गार झाला.

पण मी सगळ्यात जास्त वेळ पाहत बसलो ते छाप नव्हेत. त्यांच्या भोवती सुईने कोरलेले बारीक आकडे होते. दुरुस्त करणारा आपल्या वहीतला नंबर किंवा तारीख अशी आत कोरून ठेवतो, म्हणजे तेच घड्याळ परत आलं की ओळखू येतं. पाच खुणा सापडल्या. तीन इंग्रजी आकड्यांत, एक पुसट, आणि एक स्वच्छ देवनागरीत: '२२-३-४१'. मॅसॅच्युसेट्सचं मशीन कारखान्याच्या नोंदींतून आणि बर्मिंगहॅमची चांदी छापांवरून शोधता येते. हे घड्याळ आपल्या मुलखात कोणाच्या खिशात होतं, याचा पुरावा मात्र एवढाच. काकांनी त्या '४'चं वळण भिंगातून बराच वेळ पाहिलं. "आमच्या वडिलांचं नाही हे," म्हणाले, "पण हात चांगला आहे."

मेन स्प्रिंग तुटली होती. घड्याळ तिथेच ठेवलं. काकांनी वहीत नोंद केली आणि पावती फाडून दिली: नंबर २७३. परत न्यायला येईन तेव्हा '२२-३-४१'च्या शेजारी तो असेल.