भो, ही तार रंगीत मिळते का?

दीपनगर वीज केंद्राच्या चिमणीचं मॉडेल असो, साक्रीकडच्या पवनचक्क्या असोत की भुसावळ यार्डातला सिग्नल. टाचणीच्या डोक्याएवढा लाल दिवा टोकाला लुकलुकला, की बघणारा विचारतोच: ‘भो, ही तार रंगीत मिळते का? का वरून रंगवता?’ तुम्हीही तेच विचारलंत म्हणून लिहितो.

ही तार म्हणजे उजेड वाहून नेणारी ऑप्टिकल फायबर. ती रंगीत नसते. ती स्वच्छ ॲक्रिलिकची असते आणि एका टोकाला जो रंग शिरेल तोच दुसऱ्या टोकाला बाहेर पडतो. म्हणून रंग ठरतो एलईडीपाशी. लाल हवा तर लाल एलईडीच घ्या. पांढऱ्या एलईडीसमोर लाल जिलेटिन पेपर लावला तर उजेड मरतो, कारण पांढरा एलईडी मुळात निळा असतो, वर पिवळा लेप दिलेला. त्यात गडद लाल असतोच कितीसा! पेपरने गाळायला काही उरत नाही. टोकाला काचेवरचा पारदर्शक रंग लावायची युक्ती फक्त पांढऱ्याचा पिवळसर करायला, म्हणजे खिडक्या-कंदिलांना, बरी.

दुसरा नेहमीचा प्रश्न: रस्त्यात इंटरनेटची फायबर केबल टाकणाऱ्यांकडचा तुकडा चालेल का? नाही. ती काचेची तार केसाएवढी, त्यातही उजेड वाहून नेणारा गाभा 9 मायक्रॉनच्या आसपास. डोळ्याला दिसेल एवढा उजेड त्यातून येत नाही, आणि तुटलेली कुसळं बोटात घुसली की सापडत नाहीत. आपल्याला हवी ती प्लास्टिकची, टोकाला उजळणारी. 0.25, 0.5, 0.75, 1 मिमी अशा जाडीत मिळते. अंगभर उजळणारीही एक जात असते, ती चुकून घेऊ नका.

जाडी प्रमाणावरून काढायची. चिमणीवरचा खरा दिवा 15 सेंमीचा धरला तर 1:200 च्या मॉडेलमध्ये तो 0.75 मिमी होतो. तेवढीच तार घ्या, भोक 0.8 चं पाडा. भोक तारेएवढंच पाडलं तर ती ढकलताना वाकते आणि वाकली तिथे पांढरी रेघ उठते. त्या रेघेतून उजेड सांडतो, टोकाला पोचत नाही.

खरं काम एलईडीच्या तोंडाशी आहे. ‘तार लांब आहे म्हणून मंद दिसतं’ असं लोक म्हणतात, पण हात-दीड हात लांबीत फारसं काही हरवत नाही. हरवतं ते पहिल्या पाच मिलिमीटरमध्ये. 5 मिमीच्या एलईडीचं डोकं गोल असतं, त्यावर तारांची जुडी नीट टेकत नाही. ते डोकं कानशीने सपाट करा, पण आतल्या चिपच्या वर दोनेक मिमी राखून थांबा. तिथे केसासारखी सोन्याची तार असते, ती तुटली की एलईडी गेला. मग तारा जुडीत बांधून टोकाला दोन भागांचं इपॉक्सी भरा, सुकल्यावर धारदार ब्लेडने एका दाबात सरळ कापा आणि 400, 1000, 2000 नंबरच्या वॉटर पेपरवर ओल्यानेच घासा. कटरने किंवा पकडीने तार चिरडते, टोक दुधाळ होतं. 0.5 मिमीच्या सत्तरेक तारा 5 मिमीच्या नळीत मावतात. पण उजेड मधोमध जास्त असतो, कडेच्या तारा मंद पडतात. चाळीसवर थांबलेलं बरं.

सुपरग्लू लावू नका. तो या प्लास्टिकला ठिसूळ करतो आणि वाफेने टोक धुरकट होतं. आज ठीक दिसणारी तार महिन्याने हात लागताच मोडते. थिनर, ॲसिटोनही दूर ठेवा. मॉडेलच्या अंगात तार बसवायला साधा पांढरा फेविकॉल उत्तम. ग्लू गन सोपी वाटते, पण गरम गोंद तारेला मऊ करतो. शिवाय आपल्याकडचा मे महिना लक्षात घ्या. जळगावच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या मॉडेलमधला तो गोंद ढिला होतो आणि जुडी एलईडीपासून सरकते. दिवा गेला असं वाटतं, गेलेला काही नसतो.

टोकाला थोडा गोल, भिंगासारखा आकार हवा असेल तर तापलेली सोल्डरिंग इस्त्री जवळ आणा, टेकवू नका. भरिताचं वांगं आरावर ठेवतात, ही तार लांबूनच शेकायची. टोक छत्रीसारखं फुलतं, उजेड बाजूनेही दिसतो. आधी भोकातून ओवा, मग फुलवा. उलट केलंत तर ती आत जाणार नाही.

आता सिग्नल. चार दिव्यांचा असेल तर वरून पिवळा, हिरवा, पिवळा आणि तळाला लाल. 0.5 मिमीच्या चार तारा 1.3 मिमी आतल्या व्यासाच्या पितळी नळीत बसतात. वर डोक्याशी काटकोनात वळायला जागा नसते. थंड तार वळवू नका. हेअर ड्रायरची ऊब देऊन 4-5 मिमीच्या खिळ्याभोवती वळवा आणि गार होईपर्यंत धरा. थोडा उजेड जातो, चालतो. खाली प्रत्येक रंगाला वेगळी काळी नळी हवी, नाहीतर लालमध्ये हिरवा मिसळतो आणि सिग्नल भलतंच सांगतो! दोन पिवळे एकत्र पेटायला हवेत, तरी वरच्या पिवळ्याला एलईडी वेगळा ठेवा, म्हणजे एक पिवळाही दाखवता येतो.

वीज म्हणाल तर जुना 5 व्होल्टचा मोबाइल चार्जर. लाल-पिवळ्याला साधारण 2 व्होल्ट लागतात, निळ्या-पांढऱ्याला 3 च्या वर. म्हणून प्रत्येक एलईडीला आपापला रेझिस्टर: लालला 150 ओहम, निळ्या-पांढऱ्याला 100 ते 120. सगळ्यांना मिळून एकच लावला तर लाल सगळा करंट गिळतो आणि निळा पेटतच नाही. रंग बदलणारा एलईडी अचानक फक्त लालच दाखवू लागला तर बॅटरी उतरलीय असं समजा. पॉवर बँक बऱ्याचदा एवढ्या कमी करंटला ‘कुणी जोडलेलंच नाही’ समजून बंद होते. शाळेच्या प्रदर्शनात परीक्षक टेबलाशी आले की नेमकी तेव्हाच.

शेवटचं काम, जे सगळे विसरतात: मॉडेल आतून काळं रंगवा. पांढऱ्या प्लास्टिकमधून एलईडीचा उजेड पाझरतो, आणि चिमणीच्या टोकावरचा ठिपका दिसायच्या आधी सगळी चिमणीच आकाशकंदिलासारखी उजळते. काळ्यावर एक हात चंदेरी दिला तर आणखी बरं. रंग तारा ओवायच्या आधी, कारण थिनरचं वर सांगितलंच.