पीआर मिळत होता, तरी फाइल परत घेऊन आले

मंगळवारी सकाळी इथे जर्मनीत आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या परवान्यांच्या सरकारी ऑफिसात, पीआरसाठी (कायम राहण्याच्या परवान्यासाठी) माझी अपॉइंटमेंट होती, चार महिने वाट बघून मिळालेली, आणि मी अगदी पूर्ण तयारीनिशी गेले होते. जर्मन भाषेच्या बी-वन पातळीचं सर्टिफिकेट (पहिल्याच प्रयत्नात पास झाले, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही), पगाराच्या स्लिपा, पेन्शनच्या वर्गणीचा उतारा, घराचा करार, ११३ युरो फी भरायला कार्ड. ब्ल्यू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यावर, असलात आणि बी-वन असेल तर २१ महिन्यांत पीआर मागता येतो, नुसती सुरुवातीची ए-वन पातळी असेल तर २७ महिन्यांत. मी नोव्हेंबर २०२२ मध्ये आले, म्हणजे माझी मुदत कधीच भरली होती. मध्ये बाबांचं दुखणं आलं म्हणून अर्ज मागे पडला एवढंच.

समोरच्या बाईंनी एकेक कागद बघितला, उतारा दोनदा बघितला, सगळं बरोबर होतं. सही करायला फॉर्म पुढे सरकवला आणि मग हात तिथेच ठेवून विचारलं, "पुढच्या काही वर्षांत तुम्हाला जर्मनीबाहेर बरेच महिने सलग राहावं लागेल असं वाटतं का?"

मी म्हटलं, आईबाबा सांगलीत आहेत, मी एकुलती एक आहे, गेल्या वर्षी बाबांचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा दहा आठवडे गेले होते.

त्यांनी एका कोऱ्या कागदावर एकाखाली एक तीन आकडे लिहिले. ६, १२, २४. आणि अगदी सावकाश, मला समजेल अशा जर्मनमध्ये सांगितलं. जर्मनीचा साधा पीआर, म्हणजे नीडरलासुंग्सएरलाउबनिस, घेतला आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर तो आपोआप रद्द होतो. आत्ता माझ्या हातात जे ब्ल्यू कार्ड आहे त्यावर बारा महिने बाहेर राहता येतं. आणि पाच वर्षं पूर्ण करून ईयूवाला पीआर घेतला, ज्याला डाउअरआउफएंटहाल्ट-ईयू म्हणतात, तर ब्ल्यू कार्डवरून आलेल्यांना युरोपियन युनियनच्या बाहेर सलग चोवीस महिने राहता येतं, बाकीच्यांना बारा.

म्हणजे जे वरच्या दर्जाचं आहे असं समजून मी मिळवायला गेले होते, त्यात घरी राहायची मुभा माझ्या आत्ताच्या कार्डापेक्षा निम्मी होती! तीन वर्षं इथे राहून, एवढं वाचून, एवढ्या लोकांशी बोलून मला हे माहीत नव्हतं, आणि ज्यांच्याशी बोलले त्यांच्यापैकी एकानेही सांगितलं नव्हतं.

याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. इथे दोन भारतीय भेटले की तिसऱ्या मिनिटाला प्रश्न येतो, "पीआर झाला का? किती महिन्यांत?" २१ महिन्यांत झाला की कौतुक, २७ लागले की "अरेरे, बी-वन दिलं नव्हतंस का?" आणि ज्याला नेहमीच्या वर्क परमिटवरून जायचं असतं त्याला तीन वर्षं लागतात म्हटल्यावर सगळे बिचारा म्हणून बघतात. दहावीचे मार्क विचारल्यासारखं चालतं हे. नोव्हेंबर २०२३ मध्ये नियम बदलून ३३ चे २७ झाले आणि वर्क परमिटवाल्यांची चार वर्षांची तीन झाली, तेव्हा आमच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. कधी मिळतो हे सगळ्यांना पाठ आहे, कशाने जातो हे कुणी विचारत नाही. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एकांचा असाच गेला. आईच्या आजारपणात पुण्याला गेले, आज निघू उद्या निघू करत सातव्या महिन्यात परत आले, आणि तोपर्यंत तो पीआर कायद्याने संपलेला होता. आई गेली त्याचं दुःख, वर पुन्हा व्हिसाच्या पहिल्या पायरीवरून सुरुवात. ही गोष्टसुद्धा मला मंगळवारी संध्याकाळी कळली, मी स्वतःचं सांगितल्यावर.

बाईंनी हेही सांगितलं की कारण तात्पुरतं असेल तर सहा महिने संपायच्या आत अर्ज करून मुदत वाढवून मागता येते आणि शक्यतो देतात. नवरा तेच म्हणतोय, एवढं कशाला ताणतेस, वेळ आली की ईमेल करू. बरोबर आहे त्याचं. पण बाबांच्या वेळी मी दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये कशी बसले होते ते मला आठवतंय, तीन-तीन दिवस मोबाइलचं चार्जिंग करायचं भान नव्हतं, त्यात सरकारी ईमेलला उत्तर आलं का, त्यांना अजून कुठला कागद हवाय का हे बघायचं, आणि मुळात डॉक्टरच सांगू शकत नाहीत किती महिने, तर मी यांना काय तारीख देणार.

म्हणून मी सही केली नाही. फाइल उचलली, त्यांचे आभार मानले आणि आले. नोव्हेंबर २०२७ मध्ये पाच वर्षं होतील तेव्हा थेट ईयूवाल्यासाठी जाणार.

याची किंमत आहे, ती लपवत नाही. तोपर्यंत माझं राहणं नोकरीवर टांगलेलं, नोकरी गेली तर दुसरी शोधायला मोजकाच वेळ. पाच वर्षांवाल्या वाटेला पेन्शनची वर्गणी ६० महिन्यांची बघतात, मध्ये बिनपगारी रजा घेतली तर ते महिने त्यात धरणार नाहीत. 'लेबेन इन डॉइचलांड' (जर्मनीतलं जीवन) नावाची परीक्षाही द्यायची आहे, ३३ प्रश्न, पीआरला १५ बरोबर आले तरी पुरतात, ते होईल. घराचं कर्ज दोघांच्या नावावर काढायला बँक आत्ता का-कू करेल. पण नवऱ्याने २१ महिन्यांवालाच घेतलाय, त्याचे आईवडील दिरांकडे असतात, त्याला सहा महिने पुरतात. एकाच घरात दोन वेगळी कार्डं, आणि आमच्यासाठी तेच बरोबर आहे असं मला आता पक्कं वाटतं. माझ्यासारखं सगळ्यांनी करावं असं मी म्हणत नाही, ज्याची नोकरी डळमळीत आहे त्याने तर आधी मिळेल तो पीआर घ्यावा.

मावशीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग सिटिझनशिपच का नाही घेत, पाच वर्षांत तीही मिळते ना आता?" मिळते, जून २०२४ पासून आठाची पाच वर्षं झालीत, आणि जर्मनी आता म्हणते जुना पासपोर्ट ठेवा, पण भारत ठेवू देत नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना जे ओसीआय कार्ड मिळतं, त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि बाबांच्या शेजारचा तुकडा घ्यायचं आमचं दहा वर्षं चाललंय. शिवाय खरं सांगू का, तो निळा पासपोर्ट परत करायची माझ्या मनाची अजून तयारी नाही, उगाच शेताचं कारण पुढे करत नाही.

आपल्याकडच्या ऑफिसात मी कितीतरी वेळा ऐकलंय, "मॅडम, तुम्ही टेन्शन घेऊ नका, होऊन जाईल," आणि त्या आपलेपणाची मला इथे रोज आठवण येते. इथे कुणी असं बोलत नाही. पण त्या बाईंना माझी सही घेऊन दहा मिनिटांत पुढचा नंबर बोलावता आला असता, अर्ज पूर्ण होता, त्यांचं काम संपलं होतं. त्यांनी माझ्या आईबाबांबद्दल विचारलं. तो तीन आकड्यांचा कागद मी मागून घेतला, फ्रिजवर लावलाय.

बाबा वॉकर सोडून काठीवर आलेत, परवा फाटकापर्यंत एकटे गेले. त्यांना यातलं काही माहीत नाही, कळलं तर म्हणतील माझ्यासाठी तुझं काही अडवून ठेवू नकोस. आई, हे त्यांना वाचून दाखवू नकोस.