तेविसाव्या वर्षाची गुंडाळी

ती वंशावळ मी पहिल्यांदा पाहिली ती इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या एका घरात, जेवणाच्या टेबलावर. जाड कागदाची लांबलचक पट्टी, डोक्यावर रंगवलेली ढाल आणि ढालीखाली सोनेरी अक्षरांत एका सरदाराचं नाव. हा सरदार 1066 साली, इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाबरोबर नॉर्मंडीहून आला म्हणे. तिथून एकच सरळ रेघ बापाकडून थोरल्या मुलाकडे उतरत, कुठेही न तुटता, यजमानांच्या पणजोबांपाशी येऊन थांबली होती. पणजोबांनीच ती व्हिक्टोरिया राणीच्या काळात पैसे मोजून करून घेतली होती.

यजमान पंच्याहत्तरीचे, निवृत्त पशुवैद्य. त्यांनी पट्टीच्या कडांवर चहाचे कप ठेवले, म्हणजे ती परत गुंडाळली जाऊ नये, आणि म्हणाले, "मला दोन मुली आहेत. मुलगा नाही. हे नाव माझ्याबरोबर संपणार. संपण्याआधी यातलं खरं किती, एवढं मला सांगा."

घराण्याचं आणि गावाचं नाव मी इथे देणार नाही. तसा शब्द त्यांना दिला आहे.

मी मूळची साताऱ्याची. पुण्यात मोडी शिकले, पुढे लंडनमध्ये लॅटिन आणि जुनी इंग्रजी हस्ताक्षरं. आता लोकांसाठी जुने जमिनीचे कागद वाचणं हाच माझा पोटाचा उद्योग आहे. कागद म्हणायचं सवयीने, असतं ते चर्मपत्र. मेंढीच्या कातड्यावर लोहयुक्त शाईने लिहिलेलं, नीट ठेवलं तर सातशे वर्षं टिकणारं.

इंग्लंडमध्ये चर्चच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या वह्या 1538 मध्ये सुरू झाल्या. त्याआधी साधा माणूस जन्मला काय आणि मेला काय, त्याची नोंद म्हणून नोंद कुणी करत नव्हतं. त्याचं नाव लिहिलं जायचं ते जमीन हातची जाताना किंवा हाती येताना, कर भरताना, नाहीतर भांडताना. हे मला परकं वाटलं नाही. आपल्याकडे पाटीलकीच्या, कुलकर्णाच्या वादात दोन्ही बाजूंनी पिढ्यांची नावं घडाघडा सांगितली, म्हणून ती आज दप्तरात सापडतात. तिथेही तेच. वडिलार्जित जमिनीवर दावा सांगणाऱ्याला कोर्टापुढे पणजोबापासून आपल्यापर्यंत वंश उभा करावा लागे. भांडण नसतं, तर नावंही उरली नसती.

सरदाराचा निकाल लवकर लागला. राजाकडून थेट जमीन धरणारा माणूस मेला की राजाचा अधिकारी त्या भागातल्या लोकांची ज्युरी बोलवी आणि शपथेवर विचारी: मयताकडे कोणती जमीन होती, कुणाकडून होती, कोणत्या चाकरीवर होती, वारस कोण आणि त्याचं वय काय. असे हजारो जबाब लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. या सरदार घराण्याचाही जबाब मिळाला. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचा, स्पष्ट अक्षरातला. वारस दोन मुली, दोघी लग्न झालेल्या. मुलगा नाही. पणजोबांच्या वंशावळकाराने नेमका त्याच जागी एक धाकटा मुलगा आणून बसवला होता आणि त्याला सफोकमध्ये धाडून दिलं होतं. आडनाव एक म्हणजे घराणं एक, एवढाच त्याचा पुरावा. त्या काळात असे पुष्कळ धागे जोडले गेले, आणि जॉन होरेस राउंड या इतिहासकाराने पुढे ते एकेक करून उसवले. मला त्या वंशावळकाराचा राग येतो. त्याने खोटा पूर्वज दिलाच, पण त्याच्या हातून खरे पूर्वज झाकले गेले.

मग मी खालून वर निघाले. यजमानांपासून सोळाव्या शतकापर्यंत चर्चच्या वह्या आणि मृत्युपत्रं पुरली. त्यामागे आधार एकच, मॅनर कोर्टाच्या गुंडाळ्या. मॅनर म्हणजे जमीनदाराची जहागीर. तिचं कोर्ट काही आठवड्यांनी भरे, कारभारी बसे, कारकून लॅटिनमध्ये लिही. कुणाची गुरं धन्याच्या पिकात शिरली, कुणी पाणी घालून बिअर विकली, कोण मेलं, जमीन कुणाच्या नावे लागली. शेवटचा प्रकार वाचताना मला दर वेळी आमच्या तलाठ्याच्या फेरफार-वहीची आठवण होते. फरक एवढाच की इथे नवं कूळ कोर्टात प्रत्यक्ष उभं राही, कारभारी त्याच्या हातात काठी देई, आणि काठी हातात आली की जमीन आली.

या गुंडाळ्यांवरून कळलं की घराणं सरदारांचं नव्हतं, बांधील कुळांचं होतं. गाव सोडायला धन्याची परवानगी, धन्याच्या शेतावर वेठ, बाप मेला की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर धन्याला, मुलगा जमिनीवर आला की नजराणा, मुलीचं लग्न करायचं तरी पैसे.

पंधराव्या शतकाच्या मध्यावर मी अडले. थोरल्या मुलाचं नाव एकदा येतं आणि नाहीसं होतं. दोन आठवडे मी त्याला शोधत होते. शेवटी एका नोंदीतल्या तीन लॅटिन शब्दांनी डोळे उघडले: 'मॅनरच्या रिवाजाप्रमाणे'. तिथला रिवाज धाकट्याचा होता. बापाची जमीन सर्वांत धाकट्या मुलाला जायची. सफोक, सरे, ससेक्समध्ये अशी बरीच मॅनरं होती. मी थोरला शोधत बसले होते आणि धाकटा त्याच पानावर काठी हातात घेऊन उभा होता. तिथून पुढे गाठी भराभर सुटल्या.

तो मंगळवार होता. इप्सविचच्या अभिलेखागारात माझ्यापुढे फोमच्या उशीवर एडवर्ड तिसऱ्याच्या तेविसाव्या वर्षाची गुंडाळी आली. राजाच्या राज्यारोहणापासून वर्ष मोजून काढायचं असतं. तेविसावं म्हणजे जानेवारी 1349 ते जानेवारी 1350. मी आकडा वहीत टिपला आणि मग माझ्या लक्षात आलं, मी काय उघडते आहे.

काळा मृत्यू, म्हणजे प्लेगची महासाथ, 1348 च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरला. पूर्वेकडच्या या भागात तो 1349 च्या वसंतात पोचला. हे मी शंभरदा वाचलं होतं. पण आधीच्या वर्षांच्या गुंडाळीत एका कोर्टाला एखाद-दुसरा मृत्यू असायचा. इथे पट्टी सुरू झाली आणि 'मेला', 'मेला', 'मेली' एवढाच शब्द ओळींमागून ओळींत येत राहिला. समासात वारसाकडून काय घेतलं ते: एक घोडी. एक गाय. एक मेंढी. काही नाही, कारण जनावर नव्हतं. पुढे पुढे: वारस आला नाही, जमीन धन्याच्या ताब्यात. पट्टीची मागची बाजूही भरली होती. उन्हाळ्यातल्या एका कोर्टापाशी हस्ताक्षर बदललं. आधीचा कारकून गोल, शांत अक्षर काढायचा. नंतरचं अक्षर टोकदार, घाईचं. आधीच्या कारकुनाचं काय झालं हे कुठेच लिहिलेलं नाही.

माझं घराणं मला तिसऱ्या कोर्टात भेटलं. बाप मेला, एक गाय दिली, वारस धाकटा मुलगा, वय कमी. पुढच्या कोर्टात धाकटा मेला, जनावर नाही, वारस त्याचा भाऊ. त्याच्या पुढच्या कोर्टात भाऊ मेला. वारस आला नाही. जमीन धन्याच्या ताब्यात.

मी पेन्सिल खाली ठेवली. वाचनकक्षात शिशाची पेन्सिलच चालते, आणि तीही माझ्या हातात धरवत नव्हती. एका उन्हाळ्यात, चार बोटं रुंदीच्या जागेत, घर संपलं होतं. पण यजमान तर आहेत. नाव पुढच्या शतकात आहे, त्याच जमिनीवर आहे. मग हे आले कुठून?

जेवायला गेले नाही. पुढच्या गुंडाळ्या मागवत राहिले. मधल्या काही वर्षांच्या नाहीतच. साधारण दहा वर्षांनंतरच्या एका पट्टीवर ती सापडली. एक मुलगी कोर्टात येते आणि म्हणते, ही जमीन माझ्या बापाची, मला द्या. गावातले लोक शपथेवर सांगतात की होय, ही त्याचीच मुलगी, रक्ताने बांधील, आणि दुसरं कुणी हयात नाही. इतकी वर्षं ती कुठे होती, कुणी सांभाळली, यावर गुंडाळी गप्प आहे. नजराणा सहा शिलिंग आठ पेनी. लगेच खालच्या ओळीत दोन शिलिंग आणखी, लग्नाच्या परवानगीचे.

त्या दोन शिलिंगांनी तिच्या नवऱ्याचं नाव राखून ठेवलं. तो बाहेरचा, वेगळ्या आडनावाचा. पुढच्या गुंडाळीत तो येतो तेव्हा मात्र बायकोच्या आडनावाने. चौदाव्या शतकात हे घडत असे. जमिनीवर घर ज्याचं, नाव त्याचं, आणि बायकोच्या घरात आलेला पुरुष तिच्या घराण्याच्या नावाने ओळखला जाई. त्यांच्या धाकट्या मुलापासून रेघ थेट यजमानांपर्यंत येते.

शूर सरदार असते तर नाव आपोआप राहिलं असतं. या माणसांची नावं राहिली ती त्यांच्याकडून दर वेळी काहीतरी घेतलं गेलं म्हणून. गाय घेतली म्हणून बाप कळला, लग्नाचे पैसे घेतले म्हणून मुलगी कळली. 1381 च्या शेतकऱ्यांच्या बंडात सफोकमध्ये ठिकठिकाणी कुळांनी हीच दप्तरं जाळली, आणि मला त्यांना दोष देता येत नाही. यातली प्रत्येक ओळ त्यांच्या बेडीची कडी होती. तरी ही एक गुंडाळी वाचली याचं त्या दिवशी मला जे वाटलं, तेही खरं आहे.

यजमानांना फोनवर सांगायचं नाही असं ठरवलं. ते पुढच्या आठवड्यात मुलीला घेऊन इप्सविचला आले. मी चर्मपत्राला न टेकता, वरून बोट फिरवत ओळ दाखवली. आधी त्यांनी गायीची नोंद पुन्हा वाचून मागितली. आयुष्यभर त्यांनी याच मुलखातल्या गायी तपासल्या होत्या. "सगळ्यात चांगली गाय नेली," ते म्हणाले, "आणि घरात दुखणं होतं." बराच वेळ दुसरं काही बोलले नाहीत.

मग मी मुलीची नोंद वाचली. नावाला त्यांचं आडनाव लागून येतं तिथे त्यांच्या लेकीने वाकून पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे हे नाव हिच्याकडून आलं?"

"हो," मी म्हटलं. "तुमच्या वडिलांपर्यंत, हिच्याकडूनच."

यजमानांनी माझी वही मागितली. कोऱ्या पानावर पेन्सिलने वर तिचं नाव लिहिलं, खाली रेघ काढली. शेजारी नवऱ्याची जागा रिकामी ठेवली. त्याचं मूळ आडनाव पट्टीच्या कडेला आहे, आणि तिथे पाण्याचा डाग आहे. साध्या डोळ्यांना उभ्या दांड्या दिसतात, सहा किंवा सात. जुन्या हस्ताक्षरात आय, एम, एन, यू ही सगळी अक्षरं अशाच दांड्यांची असतात, त्यामुळे त्यांची फोड पाच-सहा तऱ्हांनी होते. अतिनील दिव्याखाली कदाचित शाई उजळेल. दिवा पुढच्या मंगळवारी मिळणार आहे.