निकोलस गेला आणि सात जण उठून उभे राहिले

अवयवदानावर बोलायचं म्हटलं की मला नेहमी निकोलस ग्रीनच आठवतो. आपल्याकडे तो फार कुणाला माहीत नाही, पण इटलीत त्याच्या नावाच्या शाळा आहेत, रस्ते आहेत, बागा आहेत. आणि मुलगा इटलीचा नव्हेच, अमेरिकन!

कॅलिफोर्नियातलं बोडेगा बे हे समुद्रकाठचं छोटंसं गाव, तिथला हा 7 वर्षांचा पोरगा. रोमन लोकांच्या गोष्टींचं भारी वेड, त्यामुळे आईबाबा आणि 4 वर्षांच्या बहिणीबरोबर इटली फिरायची म्हणजे पर्वणीच. 29 सप्टेंबर 1994 ची रात्र, कलाब्रिया भागातला हायवे, गाडी सिसिलीकडे चाललेली आणि दोन्ही पोरं मागच्या सीटवर गाढ झोपलेली. एक गाडी शेजारी आली, आतून आरडाओरडा, आणि मग गोळ्याच सुरू, काचा फुटल्या, बाबांनी म्हणजे रेज ग्रीन यांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि सुटले कसेबसे. मागे बघतात तर मुलं तशीच झोपलेली. वाटलं वाचलो. पुढे रस्त्यात कुठलातरी ॲक्सिडेंट झालेला, तिथे पोलीस आणि ॲम्ब्युलन्स दिसली म्हणून थांबले, दार उघडल्यावर गाडीतला दिवा लागला, तर निकोलस हलेना. गोळी डोक्यात लागली होती.

चोरांना ती गाडी सोनाराचा माल नेणारी वाटली म्हणे. पुढे दोघांना शिक्षाही झाली, पण त्यांच्यावर जास्त लिहायची माझी इच्छा नाही.

1 ऑक्टोबरला सिसिलीतल्या मेसिना शहरातल्या डॉक्टरांनी ब्रेन डेड सांगितलं, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलेला. आता इथे विचार करा, परका देश, भाषा येत नाही, त्याच देशातल्या माणसांनी तुमचं लेकरू मारलेलं, आणि आई मॅगी हळूच नवऱ्याला विचारते की तो तर गेलाच, मग अवयव देऊया का. रेज हो म्हणाले. कुणाला मिळणार, तो माणूस कसा असेल, काही विचारलं नाही. मी खूप वेळा स्वतःला तिथे उभं करून बघते आणि दर वेळी मला आधी रागच येतो, खोटं कशाला बोलू.

सात इटालियन लोकांना त्याचे अवयव आणि डोळे मिळाले. एक 19 वर्षांची मुलगी लिव्हर पूर्ण निकामी होऊन कोमात होती, म्हणजे आज नाहीतर उद्या अशी अवस्था, ती वाचली, पुढे लग्न झालं आणि मुलगा झाला तर नाव काय ठेवलं, निकोलस! हृदय गेलं एका 15 वर्षांच्या मुलाला. तो 2017 मध्ये वारला, म्हणजे निकोलसच्या छातीत जेमतेम 7 वर्षं चाललेलं ते हृदय त्याच्याकडे 22 वर्षं चाललं.

इटली तेव्हा अवयवदानात पश्चिम युरोपात पार मागे होती. पुढच्या दहा वर्षांत तिथलं प्रमाण तिप्पट झालं, याला लोक निकोलस इफेक्टच म्हणतात. पण माझं मत विचाराल तर हे नुसतं एका घटनेने झालं नाही. रेज मुळात पत्रकार, ते नंतर वर्षानुवर्षं शाळा, टीव्ही, हॉस्पिटलं असं करत फिरत राहिले, ऐंशी ओलांडली तरी फिरतच होते, तीच गोष्ट परत परत सांगत. बापाला ती रात्र दर वेळी नव्याने सांगताना काय होत असेल हो!

योगायोग म्हणजे आपला अवयव प्रत्यारोपणाचा कायदाही 1994 चाच, आणि तो करा असा ठराव ज्या तीन राज्यांनी केला त्यात महाराष्ट्र आणि गोवा होते, तिसरं हिमाचल. त्यात अठराखालच्या मुलासाठी आई किंवा वडिलांची संमती चालते, आणि ब्रेन डेड ठरवायला डॉक्टरांची टीम किमान 6 तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते. हे मुद्दाम लिहितेय कारण "व्हेंटिलेटरवर छाती हलतेय की, मग गेला कसं म्हणता" हा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक घरात येतो आणि येणारच. कोमातला माणूस परत येऊ शकतो, ब्रेन डेड झालेला येत नाही, हे त्या क्षणी कुणाच्या डोक्यात शिरणार? आधीच घरात बोलून ठेवलेलं असेल तरच.

बोडेगा बेला त्याच्या आठवणीत एक बेल टॉवर आहे, 140 घंटांचा, बहुतेक इटलीतल्या लोकांनी पाठवलेल्या, चर्चच्या, शाळेच्या, जहाजांवरच्या, गायींच्या गळ्यातल्यासुद्धा. मधल्या मोठ्या घंटेवर निकोलसचं आणि त्या सातही जणांची नावं कोरलीयत.

आज इटलीत असं करणं अवघड जाईल, कारण 1999 च्या कायद्याने तिथे दोन्ही बाजूंची नावं गुप्त ठेवतात. रेज यांनी म्हातारपणी त्याविरुद्धही मोहीम काढली, दोघांची इच्छा असेल तर भेटू द्या म्हणून. नावं गुप्त ठेवण्यामागचं कारण मला कळतं, उद्या कुणी पैसे मागेल, कुणी आयुष्यभर उपकाराच्या ओझ्याखाली राहील, आपल्याकडे तर हमखास. तरी मी रेज यांच्या बाजूने आहे. निदान एक निनावी पत्र तरी त्या आईबापापर्यंत पोचायला हवं की नाही?