तुम्ही विचारलंत म्हणून: आमवात आहे, प्रतिकारशक्ती वाढवायला काय घेऊ?

"ताई, तुम्ही प्रतिकारशक्तीवरच काम करता ना? मग मला आमवात आहे, ती वाढवायला काय घेऊ ते सांगा की."

लग्नाच्या पंगतीत, लोकलमध्ये, सोसायटीच्या मीटिंगनंतर जिन्यात, कुठेही हा प्रश्न येतो. कधी आमवाताच्या जागी ल्युपस असतो, म्हणजे त्वचा, सांधे, मूत्रपिंड अशा अनेक अवयवांवर उठणारा आजार, कधी पाठ धरणारा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, पण बहुतेक वेळा सगळ्यांचं मिळून एकच नाव, संधिवात. मी डॉक्टर नाही. रुग्णांच्या रक्तातल्या अँटिबॉडी, म्हणजे शरीर जंतूंना धरायला बनवतं ती प्रथिनं, शोधणं हे माझं प्रयोगशाळेतलं काम. त्यामुळे गोळ्या-औषधांचं मी सांगत नाही. पण एवढं नक्की सांगते: तुमची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही. ती जोरात कामाला लागली आहे, फक्त तुमच्याच सांध्यांवर.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे जास्त झालीय? मग कमी करायची?" तेही पुरतं खरं नाही. गच्चीवरच्या टाकीसारखी प्रतिकारशक्तीला एकच पातळी नसते. ती शेकडो प्रकारच्या पेशींची आणि त्यांच्यातल्या निरोपांची गुंतागुंत आहे. एकाच रुग्णात एक भाग पेटलेला असतो आणि दुसरा मंद.

आमच्याकडे रोज होणारी एक तपासणी सांगते, एएनए. काचेच्या स्लाइडवर माणसाच्या पेशींचा पातळ थर बसवलेला असतो, तो तयारच मिळतो. त्यावर रुग्णाचं पातळ केलेलं सीरम, म्हणजे रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारा द्रव, टाकायचं, अर्धा तास ठेवायचं, धुवायचं. मग हिरवी चमक देणारा रंग लावलेली दुसरी अँटिबॉडी टाकायची, परत धुवायचं, आणि अंधार केलेल्या खोलीत फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली बघायचं. रुग्णाच्या रक्तात पेशीच्या केंद्रकाविरुद्ध अँटिबॉडी असल्या की केंद्रकं उजळतात. ल्युपसमध्ये पुष्कळदा अख्खं केंद्रक एकसारखं हिरवं होतं, कुणाचं ठिपकेदार दिसतं, आणि त्वचा कडक करणाऱ्या स्क्लेरोडर्माच्या काही रुग्णांत मोजता येतील असे सुटे बारीक कण दिसतात. धुण्यात आळस केला की सगळीच स्लाइड हिरवट होते आणि दिवस वाया जातो. नव्याने आलेल्या मुलांवर मी सगळ्यात जास्त ओरडते ती त्यावरूनच.

आता गंमत बघा. १९९७ साली अनेक प्रयोगशाळांनी मिळून निरोगी माणसांची सीरमं अशीच तपासली. चाळीसपट पातळ केलेल्या सीरममध्ये ३१.७ टक्के निरोगी माणसं पॉझिटिव्ह निघाली. १६० पट पातळ केलं तरी ५ टक्के उरलीच. म्हणून कुणी व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवून "मला ल्युपस झालाय का" म्हणून घाबरून विचारलं, की मी आधी विचारते, त्रास काय होतोय? "काहीच नाही." मग ही तपासणी सांगितली कुणी? "पॅकेजमध्ये होती." या पॅकेजांनी लोकांच्या किती रात्री खराब केल्या असतील देव जाणे.

अर्थात एएनए बिनकामाची आहे असं मुळीच नाही. अमेरिकी लष्कराने सैनिकांच्या रक्ताचे नमुने वर्षानुवर्षं साठवून ठेवले होते. पुढे ज्यांना ल्युपस झाला अशा १३० जणांचे जुने नमुने काढून पाहिले, तर ११५ जणांच्या रक्तात निदानाच्या आधीच अशा अँटिबॉडी होत्या, सरासरी तीन वर्षांहून जास्त आधी. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे स्वतःविरुद्धच्या अँटिबॉडी कितीतरी लोकांत असतात, त्यातल्या थोड्यांनाच आजार होतो, आणि ज्यांना होतो त्यांच्यात तो आतल्या आत बरीच वर्षं शिजत असतो. बाकीच्यांना कोण आवरून धरतं, हा आमच्या क्षेत्रातला खरा प्रश्न.

त्याचं मोठं उत्तर जपानमधून आलं. नुकत्याच जन्मलेल्या उंदराची थायमस ग्रंथी तिसऱ्या दिवशी काढली, तर त्याची प्रतिकारशक्ती लुळी पडायला हवी, कारण टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पांढऱ्या पेशी, तिथेच तयार होतात. झालं भलतंच. ती उंदराच्या स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडली. शिमोन साकागुची यांनी अशा उंदरांना निरोगी उंदरांच्या टी पेशी टोचल्या, तर हल्ला टळला. म्हणजे टी पेशींतच काही पेशी इतरांना आवरणाऱ्या होत्या. त्या काळात असल्या पेशींचा विषय इतका बदनाम झाला होता की शहाणी माणसं त्याच्या वाटेला जात नव्हती. साकागुचींनी तो सोडला नाही आणि १९९५ मध्ये त्या पेशी नेमक्या ओळखून दाखवल्या. पुढे मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी त्यामागचं फॉक्सपी३ हे जनुक शोधलं. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल या तिघांना मिळालं. आमच्या लॅबमध्ये त्या दिवशी काम कमी आणि चहा जास्त झाला.

"पण थोडी वाढली तर बिघडतं कुठे?" असं म्हणणाऱ्यांसाठी २०२२ चं एक संशोधन आहे. स्पेनमधल्या एका मुलीला लहान वयातच तीव्र ल्युपस झाला. तिच्या टीएलआर७ या जनुकात एकाच अक्षराचा बदल सापडला. हे जनुक विषाणूंचा आरएनए ओळखायला मदत करतं, आणि त्या बदलामुळे ते जास्तच तल्लख झालं होतं. तोच बदल उंदरांत केला, तर त्यांनाही ल्युपससारखा आजार झाला. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि बायकांत ते गुणसूत्र दोनदा असतं. ल्युपसच्या दहा रुग्णांत नऊ बायका का, या कोड्याचा एक धागा तिथे असावा असं मानतात.

मग औषधं काय करतात? आमवाताचं उदाहरण घ्या. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि मूळचे लुधियानाचे रविंदर मैनी सुजलेल्या सांध्यातलं अस्तर काढून प्रयोगशाळेत वाढवत होते. त्यात पेशींच्या निरोपांची अक्षरशः गर्दी होती. एक निरोप अडवला तर दुसरे दहा आहेतच, त्यामुळे असा उपाय चालणार नाही, असं बहुतेकांचं मत. यांनी टीएनएफ हा सूज वाढवणारा एकच निरोप अडवला, आणि इतर निरोपही खाली आले. १९९२ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णांना टीएनएफ अडवणारी अँटिबॉडी दिली. वर्षानुवर्षं आखडलेले लोक थोड्याच दिवसांत हलकं वाटतंय म्हणू लागले. आज इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब ही नावं आपल्याकडच्या रूमॅटॉलॉजिस्टांच्या (संधिवाततज्ज्ञांच्या) चिठ्ठीवर दिसतात ती त्यातूनच आली.

याची किंमतही आहे, आणि ती आपल्या देशाला जास्त जाणवते. फुप्फुसात दबून बसलेल्या टीबीच्या जंतूंभोवती शरीर पेशींचा वेढा टाकतं, आणि तो वेढा टिकवण्यात टीएनएफचा मोठा हात असतो. २००१ मध्येच इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांत टीबी उफाळल्याच्या ७० नोंदी पुढे आल्या. म्हणून आपल्याकडे हे इंजेक्शन सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि मांटू ही कातडीवरची किंवा रक्ताची टीबी तपासणी करतात. "मला कुठे खोकला आहे? उगाच खर्च" म्हणून ती टाळू नका. हे मी डॉक्टर नसूनही ठणकावून सांगते.

सध्या आम्ही सगळे डोळे लावून आहोत ते जर्मनीतल्या एर्लांगेनकडे. २०२१ मध्ये तिथे ल्युपसच्या एका वीस वर्षांच्या रुग्णाला कार-टी उपचार दिला गेला. तिच्याच टी पेशी काढून, प्रयोगशाळेत बदलून, अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींवर सोडल्या. पुढच्या वर्षी अशा पाच रुग्णांचा वृत्तांत आला. पाचही जण ल्युपसच्या औषधांशिवाय बरे होते. काही महिन्यांनी बी पेशी परत आल्या, आजार आला नाही, आणि पूर्वीच्या लसींच्या अँटिबॉडी बऱ्याच अंशी टिकून होत्या. रुग्ण मोजकेच आणि काळ थोडा, त्यामुळे मी अजून पेढे वाटलेले नाहीत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या कार-टीला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, पण ती रक्ताच्या कॅन्सरसाठी. ल्युपससाठी ती मागायला कुणी जाऊ नये.

एवढं ऐकून घेतल्यावर बहुतेकजण हळूच विचारतात, "आणि गुळवेल?" मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२० च्या शेवटच्या महिन्यांतल्या सहा रुग्णांची नोंद केली आहे. गुळवेल घेतल्यावर त्यांच्या यकृताला सूज आली होती, आणि ती स्वयंप्रतिकार आजारासारखी, म्हणजे शरीराने स्वतःवरच हल्ला केल्यासारखी, दिसत होती. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला, वनस्पतीची ओळखच नीट पटवलेली नाही म्हणून. तो वाद तज्ज्ञांनी सोडवावा. पण ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच घरात भांडतेय त्यांनी ती चेतवायला म्हणून काही घेऊ नये असं माझं मत आहे. आणि घेतच असाल तर पुढच्या भेटीत रूमॅटॉलॉजिस्टला सांगा. रिपोर्टमध्ये एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढणारं एंझाइम) वाढलेलं दिसलं की ते साहजिकच मेथोट्रेक्सेटवर, म्हणजे यकृताला त्रास देऊ शकणाऱ्या आमवाताच्या नेहमीच्या गोळीवर, संशय घेतील आणि चांगली लागू पडलेली गोळी बंद करतील.