दुसऱ्या अक्षरावर कान

गुरुवार, रात्री

'आरआरआर' चित्रपटातलं तेलुगू गाणं 'नाटु नाटु' आज नाच बाजूला ठेवून ऐकलं, फक्त अक्षरांसाठी. कीरवाणींची चाल आणि २०२३ चं ऑस्कर यांच्या गजरात गीतकार चंद्रबोस यांची कारागिरी झाकली जाते.

मराठी कान यमकासाठी ओळीच्या शेवटाकडे जातो. इथे शेवट सोपा आहे: प्रत्येक ओळ '-नट्टु'वर, म्हणजे आपल्या 'जसं'वर संपते आणि 'नाटु'ला जाऊन मिळते. खरं काम सुरुवातीला आहे. 'किर्रु', 'मर्रि', 'एर्र' अशा लागोपाठच्या तीन ओळी उघडतात. प्रत्येकीचं दुसरं अक्षर 'र्र', स्वर मात्र वेगळा. हा तेलुगू छंदातला प्रास: व्यंजन तेच हवं, स्वर बदलला तरी चालतो. त्याआधीचं अक्षर मात्र सगळ्या ओळींत सारखंच, सगळीकडे गुरू किंवा सगळीकडे लघू, असावं लागतं. तिन्ही ओळी ही अट पाळतात.

त्याआधीच्या दोन ओळींची जोडी, 'पोलं' आणि 'पोले', तितकी काटेकोर नाही. पहिला 'पो' ऱ्हस्व (तेलुगूत ऱ्हस्व ओ असतो), दुसरा दीर्घ. जुन्या पद्यात हे चाललं नसतं. सिनेमात चालतं, आणि चालावं.

पद्याचे नियम खरोखरच कडक. शार्दूलविक्रीडितात आपण बाराव्या अक्षरानंतर यती घेतो आणि पुढे जातो. तेलुगू कवीला तेरावं अक्षर पहिल्याशी जुळवावं लागतं; तिथे या जुळणीलाच यती म्हणतात. क-ख-ग-घ एकमेकांना चालतात, पण स्वरही मेळाचा हवा. शिवाय चारही चरणांत प्रास. चंद्रबोसांच्या ओळींत ही यती सैलपणे डोकावते: 'पोलेरम्म' या ग्रामदेवतेला ओळीच्या मध्यावर 'पोतराजु' येऊन भिडतो. (पोतराजु! मरीआईच्या पोतराजाला ओळखणाऱ्याला इथे तळटीप नको.)

मात्रा मोजल्या. 'मर्रिसेट्टु नीडलोन कुर्रगुंपु कूडिनट्टु': सहाचे चार गट, एकूण २४, आणि प्रत्येक गट गुरू-लघू, गुरू-लघू. म्हणजे तीन-तीन, थेट दादऱ्याची चाल. 'पोलेरम्म'मध्ये सात होतात. तिथे गायकाला एक दीर्घ आखडावाच लागतो. सर्वांत आवडलेली जागा तांबड्या ज्वारीच्या भाकरीवरच्या मिरचीच्या ठेच्याची. 'मिरपतोक्कु'मध्ये गुरू-लघूऐवजी तीन लघू लागोपाठ येतात, मात्रा तेवढ्याच, पण जीभ एकदम पळते. पुढचा 'कलिपिनट्टु'ही तसाच. लागोपाठ दोन गटांत ही धावपळ आणल्यावर ओळ तिखट लागली नाही तरच नवल.

सिनेमात पुष्कळदा आधी चाल, मग शब्द; त्या पद्धतीत असं काही साधणं अवघड. संगीतकार के. व्ही. महादेवन शब्द हातात घेऊन चाल बांधत, तिथे कवीला पाय पसरायला जागा असे. १९८६ च्या 'सिरिवेन्नेला' या तेलुगू चित्रपटातली गीतकार सीताराम शास्त्रींची गाणी त्यांच्याकडचीच. चित्रपटाचं नावच पुढे कवीला चिकटलं.

डबिंगमध्ये सर्वांत आधी बळी जातो तो प्रासाचा. पडद्यावर ओठ मिटताना दिसतात, म्हणून प, ब, म जागच्या जागी बसवावे लागतात. 'र्र' जिभेवरचा, तो गेला तरी चित्रात काहीच बिघडत नाही, त्यामुळे तो कुणी राखत नाही.